क्वीनचं 'ग्रेटेस्ट हिट्स': कुठलं गाणं उगाच आहे, कुठलं राहिलं, आणि माझ्या कॅसेटचा शेवट कुणी कापला?

नवीपेठ_९५ · शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, घरात दिवाळीची साफसफाई चाललीये. बायकोनं माळ्यावरून बुटाचा एक खोका खाली दिला आणि "हे भंगारात घालू का?" म्हणून विचारलं. आत अकरा कॅसेटी. त्यातली एक क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची 'ग्रेटेस्ट हिट्स'. विकतची नव्हे, भरून घेतलेली.

साल १९९५, मी अकरावीत. सोलापुरात नवी पेठेतल्या एका बोळात कॅसेटी भरून देणारं दुकान होतं. कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून घरातली अभंगांची साठ मिनिटांची कॅसेट उचलली, तिच्यावर पुन्हा भरता यावं म्हणून कडेच्या दोन खाचांवर चिकटपट्टी लावली आणि नेऊन दिली. भरायचे पंधरा रुपये. बाबांना कळल्यावर काय झालं ते इथं लिहीत नाही.

आतल्या कार्डावर दुकानदारानं निळ्या शाईनं सतराच्या सतरा गाणी लिहून दिली होती. चौथं गाणं 'फॅट बॉटल गर्ल्स'. खरं नाव 'फॅट बॉटम्ड गर्ल्स'. ते बाटल्यांबद्दलचं गाणं आहे असं मी कॉलेज संपेपर्यंत समजत होतो.

आता मुद्दा. गेले दोन दिवस तीच यादी फोनवर ऐकतोय. माझं मत असं की 'फ्लॅश' या गाण्याला इथं काही काम नाही. सिनेमाचे संवाद मध्ये मध्ये, ते कसलं गाणं? त्याच्या जागी 'लव्ह ऑफ माय लाईफ' पाहिजे होतं. तुमचं काय? एक काढा, एक घाला.

आणि एक जुनं दुखणं. शेवटचं गाणं 'वुई आर द चॅम्पियन्स'. त्याचे शेवटचे शब्द, 'ऑफ द वर्ल्ड', माझ्या कॅसेटमध्ये नाहीत. दुकानदारानं आधीच बटण दाबलं. चॅम्पियन्स म्हणतो आणि लगेच मागचा अभंग सुरू, टाळांसकट. मी तेव्हा जाऊन भांडलो होतो. त्यानं पाच रुपये परत दिले आणि म्हणाला, "इंग्रजी गाणं आहे, कुठं थांबायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक." तीस वर्षं झाली, तो अर्धवट शेवट डोक्यातून जात नाही.

होटगीरोड · रात्री ९:५८

काय बे मालक, फ्लॅशला काय बोलालाव? लई भारी गाणं हाय ते. आमच्या मामाकडं टेपवर लागलं की आम्ही पोरं पलंगावरनं उड्या मारायचो. ते वाजलं की मामीचा आरडाओरडा, सगळं एकत्रच. काढायचं आसल तर 'प्ले द गेम' काढा. ते लागलं की मामा झोपायचा.

खतावणी · रात्री १०:१५

नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हिशेबाची खोड आहे. ही यादी आवडीनिवडीनं केलेली नाही, हे आधी लक्षात घ्या. ती मेरिट लिस्ट आहे.

'ग्रेटेस्ट हिट्स' निघाली २६ ऑक्टोबर १९८१ रोजी. तोपर्यंत क्वीनची जी एकल गाणी, म्हणजे सिंगल्स, ब्रिटनमध्ये बाजारात आली, त्यांचे तिथल्या खपाच्या तक्त्यावरचे क्रमांक मी एकदा वहीत उतरवून काढले होते. 'सेव्हन सीज ऑफ राय' दहावं. 'नाऊ आय अॅम हिअर' अकरावं. 'सेव्ह मी' अकरावं. 'प्ले द गेम' चौदावं. 'गुड ओल्ड-फॅशन्ड लव्हर बॉय' ज्या छोट्या रेकॉर्डवर होतं ती सतरावी. 'फ्लॅश' दहावं. ही सगळी यादीत आहेत.

आता राहिलेली बघा. 'टाय युवर मदर डाऊन' एकतिसावं. 'स्प्रेड युवर विंग्ज' चौतिसावं. तुमचं लाडकं 'लव्ह ऑफ माय लाईफ', जे १९७९ साली मैफिलीतल्या मुद्रणाच्या रूपात निघालं होतं, ते त्रेसष्टावं. आणि बँडचं पहिलंवहिलं 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह', १९७३ चं, तक्त्यावर आलंच नाही.

थोडक्यात, पहिल्या विसांत जो आला तो आत, बाकीचे वेटिंगवर. एकही अपवाद नाही. त्यामुळे फ्लॅशला काढायचं असेल तर ब्रिटिश जनतेशी भांडा, संकलन करणाऱ्याशी नको.

नवीपेठ_९५ · रात्री १०:२१

खतावणी काका, तुम्ही तर धाग्याची हवाच काढली. म्हणजे कुणी बसून निवड केलीच नाही?

खतावणी · रात्री १०:३०

निवड झाली ती क्रमात झाली. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी असलेलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पहिलं ठेवायचं आणि शेवटी 'वुई विल रॉक यू' व 'चॅम्पियन्स' जोडीनं ठेवायचे, हे ज्यानं ठरवलं त्याला कळत होतं. एक गंमत सांगतो. नाव 'ग्रेटेस्ट हिट्स', पण त्या दिवसापर्यंत ब्रिटनमध्ये त्यांचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं एकच, बोहेमियन ऱ्हॅप्सडी. तेही नऊ आठवडे. 'किलर क्वीन', 'समबडी टू लव्ह', 'चॅम्पियन्स', 'क्रेझी लिटल थिंग' ही चारही दुसऱ्या क्रमांकावर अडकली. अमेरिकेत मात्र 'क्रेझी लिटल थिंग' आणि 'अनदर वन बाइट्स द डस्ट' १९८० साली पहिली आली होती.

आणि ही दुसऱ्या क्रमांकांची मोट ब्रिटनमधला आजवरचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम आहे. २०२२ मध्ये ७० लाखांचा आकडा ओलांडला. तिथं तो ओलांडणारा पहिलाच.

रिकामाडबा · रात्री ११:०२

माझा जन्म २००३ चा, त्यामुळे आधीच माफी मागतो 🙏 मला एक कळत नाही, 'ग्रेटेस्ट हिट्स' ही वस्तू आता लागते कशाला? मी बँडचं नाव टाकलं की सगळ्यात जास्त ऐकलेली गाणी आपोआप वर येतात. ती यादी रोज बदलते, आणि त्यात 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' कायम वर असतं. कुणी १९८१ साली ठरवलेलं मी का ऐकू?

आणि खरा चाहता अख्खे अल्बम ऐकतो ना? 'अ नाईट अ‍ॅट द ऑपेरा' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, मग बोलू.

धोटा · रात्री ११:२६

रिकामाडबा, आमच्या धंद्यातलं सांगतो. मी पूर्व भागातला, घरात तेलुगू, आजोबांपासून माग. बाहेरगावची पार्टी माल बघायला आली की आम्ही तिला गोदामात नेत नाही, आधी नमुने दाखवतो. चादरीचा एकेक तुकडा, कडा शिवलेला. त्यावरून पार्टी ठरवते गोदाम बघायचं की चहा पिऊन निघायचं. ग्रेटेस्ट हिट्स म्हणजे ते नमुने. तू गोदामात राहतोस, चांगलंय. पण तुला गोदामाचं दार कुणीतरी दाखवलंच असेल की.

नमुन्यांचाही एक नियम आहे. सगळ्यात देखणा नमुना पहिला दाखवायचा नाही, पुढचे फिके पडतात. क्वीनवाल्यांनी नेमकं उलटं केलंय, बोहेमियन पहिलंच टाकलंय. मला तो धंद्याच्या दृष्टीनं चुकीचा निर्णय वाटतो. आमच्या बाबांनी असं केलं असतं तर आजोबांनी हाताला धरून उठवलं असतं.

जुळेसोलापूरची · रात्री ११:४८

धोटा दादा, पण बोहेमियन संपल्यावर लगेच 'अनदर वन बाइट्स द डस्ट'ची ती बासची चाल येते ना, म्हणून ते चालून जातं. एवढा सगळा थाट, कोरस, गोंधळ, आणि मग नुसता बास आणि ड्रम. पंगत उठल्यावर कुणीतरी शांतपणे पान लावत बसावं तसं. ते जॉन डीकनचं गाणं आहे. चौघांत सगळ्यात गप्प माणूस. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'ही त्याचंच.

मी लहान मुलांना पेटी आणि कीबोर्ड शिकवते, तर कानाला लागणारी एक गोष्ट लिहिते. क्वीनच्या सुरुवातीच्या अल्बमांच्या वेष्टनावर मुद्दाम छापलेलं असायचं की यात सिंथेसायझर वाजवलेला नाही. ऐकणाऱ्याला सिंथ वाटेल ते सगळं ब्रायन मेच्या गिटारचे थर किंवा त्यांचेच आवाज. ती गिटारही त्यानं वडिलांबरोबर घरी बनवलेली, मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. मग १९८० मध्ये 'द गेम' हा अल्बम आला आणि सिंथ घरात शिरला. 'प्ले द गेम' सुरू होताना तो घसरत येणारा आवाज आहे ना, तोच तो.

म्हणजे या सतरा गाण्यांत तुम्ही एका बँडला शब्द मोडताना ऐकता. होटगीरोड भाऊ, मामांना झोपू दे, ते गाणं काढू नका.

होटगीरोड · रात्री ११:५५

ताई, मामाला सांगतो उद्या 😂

मंडळाचा_ढोल · रविवार, सकाळी ७:१०

रात्री धागा बघितला, झोप आली नाही. 'वुई विल रॉक यू'बद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? सोलापुरात राहता की कुठं?

आमच्या मंडळात लेझीम बसवताना नवीन पोरं येतात. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात लेझीम देत नाही. नुसते पाय. दोनदा पाय, एक टाळी, थांब. दोनदा पाय, एक टाळी, थांब. ती थांबण्याची जागा पोरांना जमत नाही, सगळे घाई करतात. एक वर्षी मी वैतागून फोनवर हे गाणं लावलं. दहा मिनिटांत सव्वीस पोरं एका पायावर आली. तेव्हापासून दरवर्षी श्रावणात आमचा सराव इंग्रजांच्या गाण्यावर सुरू होतो आणि गणपतीत ढोलावर संपतो. मंडळाच्या म्हाताऱ्या मंडळींना अजून माहीत नाही, तेव्हा इथंच राहू द्या.

त्या गाण्यात ड्रम नाहीच, माहितेय का? पाय आणि टाळ्या, बास. गिटार येते ती शेवटाला. एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओत लाकडी फळ्यांवर पाय आपटून ते मुद्रित केलं, १९७७ साली. थोड्या माणसांच्या पायांचा अख्खा जमाव वाटावा म्हणून ब्रायन मेनं तोच आवाज थोड्या थोड्या अंतरानं पुन्हा पुन्हा वर चढवला, आणि ती अंतरं मूळ संख्यांच्या हिशेबात ठेवली, म्हणजे घुमल्यासारखं न वाटता गर्दी वाटते. भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. पुढं २००७ मध्ये खगोलभौतिकीत डॉक्टरेट पुरी केली त्यानं.

आम्ही ते सव्वीस पोरांत फुकट करतो.

धोटा · सकाळी ७:३४

ढोल मालक, सव्वीस जण एकदम नेमके पडत नाहीत, थोडे पुढेमागे पडतात, म्हणूनच तो आवाज भरतो. मागाच्या शेडमध्ये तसंच. एक माग नुसता खटखट करतो. बारा माग एकदम चालले की पाऊस पडल्यासारखं होतं, कारण कुठलाच धोटा दुसऱ्याच्या वेळेला फिरत नाही. लहानपणी त्या आवाजात मला झोप लागायची. बंद पडला की जाग यायची.

पाचगणीची_बस · सकाळी ९:०५

इतका वेळ कुणी विषय काढला नाही, तर मीच काढतो. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकला. मूळ नाव फारुख बलसारा, पारशी घरातला, जन्म झांजिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला, पियानो तिथंच शिकला आणि शाळेतल्या पोरांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही तिथंच. १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं.

म्हणजे जगातला सगळ्यात मोठा रॉक गायक आपल्या सातारा जिल्ह्यात घडला. सोलापूरहून एस.टी.नं अर्ध्या दिवसात पोचाल. आणि आपण त्याची गाणी 'इंग्रजांची' म्हणतोय?

जुळेसोलापूरची · सकाळी ९:४०

दादा, मलाही हे वाचून दरवेळी गुदगुल्या होतात. पण एक विचारू? वसतिगृहात ठेवलेलं, आईवडिलांपासून समुद्रापलीकडे असलेलं आठ-नऊ वर्षांचं पोर. त्याच्या मोठेपणात 'आपला' म्हणून वाटा मागताना त्या पोराला तिथं कसं वाटलं असेल, हेही डोळ्यांपुढं येतं. मी पियानोच्या अंगानं बघते. 'समबडी टू लव्ह' किंवा 'डोन्ट स्टॉप मी नाऊ'च्या सुरुवातीला जो पियानो आहे, तो धडे गिरवलेल्या माणसाचा आहे. बोटं शिस्तीची, डोकं बेशिस्त. ते धडे पाचगणीत दिले गेले, एवढं मात्र नक्की आपलं.

रिकामाडबा · सकाळी १०:१२

बोहेमियनमध्ये 'बिस्मिल्ला' येतं ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं माझ्या कानात बिघाड आहे. आईला ऐकवलं, तर ती म्हणाली, "आवाज बारीक कर."

बरं, माझा प्रश्न तसाच आहे. रॉजर टेलरचं एकही गाणं या सतरांत का नाही? मोजलं मी. दहा फ्रेडीची, पाच ब्रायनची, दोन डीकनची. ड्रमर कोरडाच.

खतावणी · सकाळी १०:३८

बरोबर मोजलंत. उत्तर कालचंच. १९८१ पर्यंत त्याचं गाणं एकलाच्या मुख्य बाजूवर येऊन तक्त्यात वर गेलेलं नव्हतं. त्यानं उट्टं काढलं 'रेडिओ गा गा'नं, १९८४ मध्ये. ते 'ग्रेटेस्ट हिट्स'च्या दुसऱ्या भागात आहे.

तो दुसरा भाग २८ ऑक्टोबर १९९१ ला बाजारात आला आणि २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. चार आठवडेही धड झाले नव्हते. दुसरा भाग मी फार ऐकत नाही. गाणी वाईट नाहीत, तारीख डोक्यात येते.

नवीपेठ_९५ · सकाळी ११:२०

'अंडर प्रेशर' पहिल्यात नाही, ते कसं काय काका? तेही १९८१ चंच ना?

खतावणी · सकाळी ११:३१

ते डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाबरोबरचं. ऑक्टोबर १९८१ मध्येच निघालं, अगदी संकलनाच्या तोंडावर, आणि नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये पहिलं आलं. तिथल्या यादीत ते नव्हतं, पुढं दुसऱ्या भागात गेलं. पण अमेरिकेची यादी निराळी होती. चौदाच गाणी, त्यात 'अंडर प्रेशर' आहे, 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह'ही आहे, आणि 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' नाही. देशादेशाची पंगत वेगळी, ताट वेगळं.

रिकामाडबा · सकाळी ११:३३

डोन्ट स्टॉप मी नाऊ नाही???? अमेरिकेचा व्हिसा नको मला.

होटगीरोड · दुपारी १२:०५

व्हिसा देणार हाय का तुला कोण बे.

मंडळाचा_ढोल · दुपारी १२:४०

'बायसिकल रेस'मध्ये मध्येच सायकलच्या घंट्या वाजतात, तो भाग कुणाकुणाला आवडतो? मी हरिभाई शाळेसमोरून रोज सायकलवर जायचो तेव्हा मनात तेच. एकट्याची घंटी वाजवून काही होत नाही, चाळीस पोरं पाहिजेत. शाळा सुटायच्या वेळी व्हायचं ते.

धोटा · दुपारी १:१५

नवीपेठ_९५, तुमच्या मूळ तक्रारीकडं येतो. रात्री 'चॅम्पियन्स' तीनदा ऐकलं, हेडफोन लावून. मालक, बसून वाचा.

शेवटाला 'ऑफ द वर्ल्ड' नाहीच.

नवीपेठ_९५ · दुपारी १:१९

म्हणजे?

धोटा · दुपारी १:२६

म्हणजे स्टुडिओतल्या मूळ गाण्यात, जे ग्रेटेस्ट हिट्सवर आहे, त्यात मधल्या कडव्यांनंतर ते शब्द येतात. शेवटच्या वेळी येत नाहीत. तो 'चॅम्पियन्स'वर सूर लांबवतो, वाद्यं वाजतात आणि संपतं. दुकानदारानं काही कापलेलं नाही.

नवीपेठ_९५ · दुपारी १:२८

असं कसं होईल? मी हजारदा ऐकलंय ते. कॉलेजच्या गॅदरिंगला सगळ्यांनी मिळून म्हटलंय, शेवटी दोन्ही हात वर करून.

जुळेसोलापूरची · दुपारी १:४५

मीही आता वाजवून बघितलं. धोटा दादा बरोबर आहेत. अंगावर काटा आला. मलाही शपथेवर सांगता आलं असतं की आहे म्हणून.

खतावणी · दुपारी २:१०

मैफिलीत फ्रेडी शेवटी ते शब्द म्हणायचा. १३ जुलै १९८५, लंडनच्या वेम्बली मैदानावरची 'लाइव्ह एड' ही मदतनिधीची मैफल बघा, तिथं शेवट पूर्ण आहे. ते चित्रण आपण सगळ्यांनी पाहिलं, आणि डोक्यात तोच शेवट बसला. शिवाय चालच अशी आहे की कानाला तिथं ते शब्द हवेसे वाटतात. आरती संपल्यावर कुणी जयघोष केला नाही तरी आपण मनात करतोच, तसं.

आता वेळेचं गणित करू. सतरा गाण्यांची एकूण लांबी सुमारे ५८ मिनिटं. रेकॉर्डच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या, एकोणतीस-एकोणतीस मिनिटांच्या. तुमची कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे बाजूला तीस. प्रत्येक बाजूला मिनिटभर जागा उरते. त्या माणसाला काही कापायची गरजच नव्हती. गाणं संपलं, त्यानं मशीन थांबवलं, आणि उरलेल्या मिनिटभरात तुमच्या वडिलांचा अभंग जसाच्या तसा राहिला.

होटगीरोड · दुपारी २:१४

आयला. तीस वर्षं बिचाऱ्याला शिव्या घातल्या की बे तुमी.

नवीपेठ_९५ · दुपारी ४:५०

शेजारच्या काकांकडं डबल डेक आहे. चार्जर, मिक्सर, जुनी पत्रिका, सगळं बाजूला करून तो सुरू केला. पट्टा सैल झालाय, आवाज जरा जाड येतो. कॅसेटमध्ये पेन्सिल घालून आधी ढील काढली. दुसरी बाजू, शेवट. 'चॅम्पियन्स'चा सूर लांबतो. गिटार. मग एक बारीक 'टक्'. तो त्यानं बटण दाबल्याचा. त्या टक्-च्या आधी सूर पूर्ण विरलेला आहे. मी चारदा मागे नेऊन ऐकलं.

मग टाळ, आणि "...विठ्ठल". फक्त एवढंच सापडलं, ओळीचा मागचा अर्धा भाग. कापला गेलाय तो अभंग. बाबांची तक्रार खरी होती, माझी नव्हती.

काका शेजारी बसून होते. म्हणाले, "हे शेवटचं चांगलंय, आधीचं काय लावलं होतंस?"

पाचगणीची_बस · संध्याकाळी ५:२०

ते दुकान आहे का अजून?

नवीपेठ_९५ · संध्याकाळी ५:३१

जागा आहे. तिथं आता मोबाइलची कव्हरं, काचा, चार्जर. मुलगा बसतो.

खतावणी · संध्याकाळी ५:४४

पाच रुपये, तीस वर्षं, आठ टक्के चक्रवाढ. पन्नास रुपये तीस पैसे होतात. पैसे सोडून देता येतील.

रिकामाडबा · संध्याकाळी ५:५०

काका तुम्ही बँकेतून निवृत्त झालाच नाहीत.

मी आज पहिल्यांदा सतरा गाणी क्रमानं ऐकली, मध्ये काही न बदलता. धोटा दादा, क्रम चुकलेला नाहीये. 'सेव्ह मी' संपून 'क्रेझी लिटल थिंग' लागतं ना, तिथं कॅसेट उलटायची असणार. फोनवर ती उलटण्याची जागा नाही, पण श्वास घेतल्यासारखं कळतं. फ्लॅश मात्र मीही उडवलं असतं. सॉरी होटगीरोड.

होटगीरोड · संध्याकाळी ६:०२

तुज्या पलंगाची फळी मजबूत नसल. म्हणून आवडत नाय.

धोटा · संध्याकाळी ६:३०

क्रमाबद्दल मी अजून माघार घेतलेली नाही. पण 'सेव्ह मी'चं मान्य. ते सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि माझ्या मते यादीतलं सगळ्यात सच्चं गाणं. ब्रायन मेचं. त्याच्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

नवीपेठ_९५ · सोमवार, रात्री ८:५५

आज कामावरून येताना नवी पेठेत वळलो. दिवाळीची गर्दी, गाडी लावायला जागा नाही, आकाशकंदिलांतून वाट काढत गेलो. मुलाला म्हटलं, तुमचे वडील कॅसेटी भरून द्यायचे ना. तो म्हणाला, हौ, वर आहेत, गुडघे धरलेत, खाली येत नाहीत. गर्दी होती, मागं दोघं उभे. काय सांगणार? पन्नास रुपये पुढं केले तर येडा म्हणाला असता.

एक कव्हर घेतलं. दीडशेचं सांगितलं, मी घासाघीस केली नाही. निघताना म्हटलं, वडिलांना सांगा, क्वीनची कॅसेट बरोबर भरली होती. त्यानं "कुणाची?" विचारलं. "ते विचारतील तेव्हा सांगा, पाच रुपयेवाला आला होता."

होटगीरोड · रात्री ९:०३

कव्हर बसलं का फोनला?

नवीपेठ_९५ · रात्री ९:०७

नाही. मॉडेल वेगळं निघालं.